लाईट गेली तर?

शफीक सरांनी माझा इंटरव्ह्यू घेतला तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "घरून निघताना गॅस बंद केला होता का?"

मी मुकुंदवाडीहून रिक्षा बदलत चिकलठाण्याला पोचले होते, घामाघूम. प्रोसेसर, मेमरी, लिनक्स, सगळं घोकून आले होते. गॅसचं तेवढं घोकलं नव्हतं. "केला असेल," मी म्हणाले.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "असेल? असेल म्हणजे? फोन करा ना घरी कुणाला तरी."

आता पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं? घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. मी त्यांना फोन लावला. काकू कुलूप काढून आत गेल्या, बघून आल्या, गॅस बंदच होता. तोवर हा माणूस टेबलावर बोटं वाजवत बसलेला. मी "बंद आहे" म्हटल्यावर त्यांनी ग्लासभर पाणी प्यायलं, मलाही दिलं आणि म्हणाले, "हां. आता बोला. लिनक्स येतं?"

मला नोकरी मिळाली. का मिळाली ते मला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं. "तू चिडली होतीस, पण फोन केलास," सर म्हणाले. "जो करत नाय, त्याला मी घेत नाय."

उंच, वाळकुडा माणूस. शर्टाचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. खिशात चष्म्याचं जुनं पाकीट, आणि त्यात चष्मा नाही तर रुमालात गुंडाळलेला पेन ड्राईव्ह. चष्मा आपला डोक्यावर. स्कूटर स्टँडवर लावली की चार पावलं जायचे, परत यायचे, हलवून बघायचे. ऑफिसच्या कुलपाचं तर विचारूच नका. वॉचमन दुरूनच ओरडायचा, "लागलंय सर, लागलंय!" तरी ओढून बघितल्याशिवाय ते गेटबाहेर पडायचे नाहीत. चहा गार झालेला असला तरी फुंकर घालून प्यायचे.

आणि दिवसभर एकच पालुपद: "लाईट गेली तर?"

आम्ही त्यांना पाठीमागं 'तर' म्हणायचो. "तर आले का?" "तर जेवायला गेलेत." त्यांना हे माहीत होतं. एकदा मीच फोनवर कुणाला तरी सांगत होते, "थांब, तरांना विचारून सांगते," आणि मागून आवाज आला, "विचार की." लई हसले होते त्या दिवशी.

आमची कंपनी छोटी. घोषणा करणारे डबे बनवायची. दवाखान्यात "पुढचा नंबर" सांगणारा, बसस्टँडवर गाडी कुठं लागलीय ते सांगणारा. डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर असतो. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. घोषणांची रेकॉर्डिंगं पेन ड्राईव्हवर. आता घरच्या कॉम्प्युटरला पेन ड्राईव्ह लावला की तो समोर बसलेल्या माणसाला विचारतो, उघडू का म्हणून. आमच्या डब्यासमोर माणूसच नसतो. लाईट आली की त्यानं आपलं आपण उठायचं, पेन ड्राईव्ह ओळखायचा, तो एका रिकाम्या फोल्डरवर जोडायचा आणि बोलायला लागायचं. या जोडण्याला आम्ही माउंट होणं म्हणतो. सर म्हणायचे, "गादीवर चादर टाकायची, बस. चादर टाकली की चादरीची नक्षी दिसते, गादी झाकली जाते. चादर नसली तर गादी दिसते."

ऐकायला सोपं आहे. पण शफीक सरांना विचारा! डबा उठला आणि पेन ड्राईव्ह अजून जागाच झाला नसेल तर? दोन पेन ड्राईव्ह लावले आणि भलताच पहिला आला तर? डब्याला त्यांनी पेन ड्राईव्हचं नाव बघायची मनाईच करून टाकली होती. येईल त्या क्रमानं नाव देतंय येडं, म्हणायचे, प्रत्येक ड्राईव्हचा जन्माचा एक लांबलचक नंबर असतो, तोच विचारायचा. आणि ड्राईव्ह फक्त वाचायसाठी जोडायचा, त्यावर काही लिहायचं नाही, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी आतलं खराब व्हायला नको. हे सगळं झालं की ते चालू डब्याची पिन फाट्कन ओढायचे. पुन्हा लावायचे. पुन्हा ओढायचे. आम्ही घरी जायचो तेव्हा मागून त्या टेस्टिंगच्या खोलीतून आवाज येत असायचा, "पुढचा नंबर... पुढचा नंबर... पुढचा..."

एका बसस्टँडवरचा आमचा डबा मुका झाला होता, तेव्हाची गोष्ट सांगते. तिथल्या कुणीतरी गाणी भरायला म्हणून पेन ड्राईव्हच काढून घरी नेला होता. आमच्या टीमनं डब्याला सांगून ठेवलेलं, पेन ड्राईव्ह पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यामुळं लाईट जाऊन आल्यावर डबा आपला वाट बघत बसला, उठलाच नाही. स्टँडवर ही गर्दी, कुठली गाडी कुठं लागलीय कुणाला पत्ता नाही. सर स्वतः एस. टी. नं गेले. परत आले ते वैतागूनच.

"पाहुणा आला नाय म्हणून घरच्यांनी उपाशी बसायचं का?" ते म्हणाले. "थोडी वाट बघ. नाय आला, तर आपलं आपण उठ ना बाबा."

त्या दिवसापासून डबा थोडी वाट बघून उठायला लागला. आणि सरांनी आणखी एक गोष्ट केली. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्यांच्या गादीवर, स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्डिंग ठेवून दिलं. पेन ड्राईव्ह जोडला गेला की ते झाकलं जाणार, कुणाला कधी ऐकू येणार नाही. पण ड्राईव्ह नसला तर डबा उठल्या उठल्या तेच बोलणार: "पेन ड्राईव्ह लागलेला नाही. घाबरू नका. कृपया ऑफिसमध्ये सांगा."

आमचा सेल्सवाला हसायला लागला. "सर, 'घाबरू नका' कशाला? बसस्टँडवर पेन ड्राईव्हसाठी कोण घाबरतंय?"

"मी घाबरतो ना," सर म्हणाले आणि विषय संपला.

एवढी सगळ्या जगाची काळजी करणारा हा माणूस. पण काळजी करायची तिथंच केली नाही त्यानं. आवाज बसला होता त्यांचा. आधी म्हणाले धूळ आहे, मग म्हणाले ऊन आहे, मग आम्हालाच त्या खरखरीची सवय झाली. भाभी, म्हणजे त्यांच्या मिसेस, रोज भांडायच्या डॉक्टरकडं चला म्हणून. ते दाखवायला गेले तेव्हा उशीर झाला होता. गळ्याची गाठ, आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मला त्यांनी हे कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. चहावर फुंकर घालत, गॅसचं विचारावं तशा सुरात. मी म्हटलं, "सर, हल्ली लोक पाटीवर लिहून, मोबाईलवर टाईप करून..."

"अम्मीला दिसत नाय," ते म्हणाले.

त्यांची आई. साखरेनं डोळे गेलेले. छावणीतल्या त्यांच्या घरी दारालगतच्या खोलीत तिची खाट. सर घरी गेले की आधी तिच्याजवळ बसायचे, दिवसभराचं सगळं सांगायचे. "नजर गेल्यापासून तिच्यासाठी मी म्हणजे आवाजच आहे, संगीता. आणि अब्बा गळ्याच्याच आजारानं गेले. गळ्याचं नाव काढलं तरी ती जेवण सोडते. तिला सांगितलं तर ती माझ्या आधी जाईल."

"मग काय करणार?"

"डबा करणार," सर म्हणाले.

बेत असा होता. ऑपरेशनच्या दिवसांत कंपनीच्या कामानं पुण्याला गेलोय असं अम्मीला सांगायचं. परत यायचं ते डबा घेऊन. डब्यावर मोठी बटणं, प्रत्येक बटणाला त्यांच्या आवाजातलं एक वाक्य. डबा अम्मीच्या उशाशी, आणि बटणं दाबणार सर. आवाज त्यांचा, जागा त्यांची, तिला काही कळायचं नाही.

मी म्हटलं, मोबाईलवर होईल की हे सगळं. तर म्हणाले, "फोनमधून आवाज आला की तिला वाटतं मी परगावी आहे. फोनचा आवाज ती बरोबर ओळखते." मग थांबून म्हणाले, "आणि फोन अपडेट व्हायला बसला तर?"

खरं सांगते, मला हे पटलं नव्हतं. आईला फसवायचं, तेही रोज! पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी एवढंच विचारलं, बटणं किती लागतील.

ऑपरेशनच्या आधीचे ते दिवस मला आजही नकोसे वाटतात. टेस्टिंगच्या खोलीत पंखा बंद, एसी बंद, दाराला खालून फडकं लावलेलं, आणि सर खरखरत्या आवाजात बोलतायत: "अम्मी, मैं आ गया." "हौ अम्मी." "नको अम्मी." "खाना खा लिए?" "दवा ली?" "नमाज़ को जाके आता हूँ." "सो जाओ अब." मध्येच खोकला यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. एक वाक्य नीट व्हायला कधी कधी सकाळ जायची. त्यांचा आवाज रोज थोडा कमी होत होता, आणि मी हेडफोन लावून बसलेली, आज कालपेक्षा किती कमी आहे ते मला ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "छान आलाय सर." दुसरं काय म्हणणार!

खोकला ऐकू यायला नको म्हणून खोकल्याचं रेकॉर्डिंग आम्ही काढून टाकलं. वाक्यं सगळी शांत, स्वच्छ, प्रेमळ आवाजात घेतली. सरांचा हट्ट होता, अम्मीला काळजी वाटेल असं एकही वाक्य नको.

डबा तयार झाला. मग पिन ओढणं सुरू. उठला की डब्यानं स्वतःहून एकदा "अम्मी, मैं इधरिच हूँ" म्हणायचं, म्हणजे सरांना कळेल की तयार आहे. पिन ओढली, लावली. "अम्मी, मैं इधरिच हूँ." पुन्हा ओढली. पुन्हा "मैं इधरिच हूँ." शेवटी मलाच सहन होईना. मी म्हटलं, "सर, बास करा आता. चालतोय."

ऑपरेशनआधी ऑफिसात त्यांचा शेवटचा दिवस होता तेव्हा त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. दार लावून एकटेच आत काहीतरी बोलत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. मला कळलं, गादीवरचं रेकॉर्डिंग.

"काय ठेवलं सर खाली? 'घाबरू नका, ऑफिसमध्ये सांगा'?"

ते हसले नाहीत. "आहे काहीतरी. ते वाजू नये एवढी दुआ कर."

ऑपरेशन नीट झालं. मी घरी भेटायला गेले तेव्हा गळ्याला समोर भोक आणि त्यावर पांढरं फडकं. त्यांनी ओठ हलवून "ये, बस" म्हटलं आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी मान खाली घातली. मला तेव्हा रडू आलं असतं तर सगळाच घोटाळा झाला असता, कारण आतून अम्मी विचारत होती, "कौन आया रे?"

सर लगबगीनं आत गेले, खाटेच्या कडेला बसले, बटण दाबलं. "हौ अम्मी." प्रश्न काय आणि उत्तर काय! भाभींनी बाहेरून सांभाळून घेतलं, "कंपनीकी संगीता आई है, अम्मी."

अम्मीनं मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला. मी बोलत होते आणि माझं सगळं लक्ष त्या डब्याकडं. सर घाईनं बटण शोधायचे. अम्मी म्हणायची, "आज गर्मी बहुत है," आणि आवाज यायचा, "दवा ली?" अम्मी म्हणायची, "ली ना." म्हातारी भोळी आहे, मला वाटलं.

भाभी मला दारापर्यंत सोडायला आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "रोजचं हेच. लाईट गेली की यांचा जीव जातो. येईपर्यंत हे त्या डब्यासमोर बसून राहतात. संगीता, तू तरी सांग ना, अम्मीला खरं सांगून टाका म्हणावं."

मी काय सांगणार! मी दर आठ-पंधरा दिवसांनी जात राहिले. डबा एकदाही चुकला नाही. लाईट जायची, यायची, आणि उशाशी आवाज, "अम्मी, मैं इधरिच हूँ." सर छातीवर हात ठेवायचे, मी पण.

आणि मग ती दुपार.

मी गेले तेव्हा सर लॅपटॉपवर बसलेले. डब्यातला पेन ड्राईव्ह काढून त्याची आणखी एक कॉपी घेत होते. किती कॉप्या होत्या देव जाणे, पण हा खराब झाला तर? कॉपी झाली, त्यांनी ड्राईव्ह रुमालात गुंडाळून चष्म्याच्या पाकिटात ठेवला, सवयीनं. तेवढ्यात मला पाणी द्यायला उठले. तेवढ्यात लाईट गेली. आणि लगेच आली.

पंखा फिरायला लागला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. सर ग्लास हातात घेऊन तसेच उभे, आणि मला दिसलं, त्यांचा हात हळूच शर्टाच्या खिशाकडं गेला. पाकीट खिशातच होतं.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ग्लास माझ्या हातात कोंबला, पाकीट उघडलं, रुमाल सुटेना. डबा वाट बघत होता, थोडीच वाट बघणार होता, आणि ती वाट किती हे त्यांनीच ठरवलेलं. ते खाटेशी धावले, डब्याच्या मागं ड्राईव्ह घालायला लागले. उलटा. फिरवला. पुन्हा जाईना. मेलं हे नेहमीचंच, पण आजच? मी "सर, मी घालते" म्हणायला तोंड उघडलं.

"शफीक?" अम्मीनं विचारलं. "क्या हो रहा है रे?"

आणि डबा बोलला.

आवाज त्यांचाच, पण स्वच्छ केलेला नाही. खोकल्यासकट, खरखरीसकट. "अम्मी. ये आवाज़ डब्बे की है. मेरी आवाज़ आपरेशन में चली गई. आपकू बोला नहीं, डर गया था. माफ करना. मैं इधरिच हूँ, आपके बाजू में. बोल नहीं सकता, बस. हाथ लाओ."

पुढं काही नव्हतं. पंखा तेवढा फिरत होता. भाभी दारात तोंडाला पदर लावून उभ्या. सर गुडघ्यांवर बसलेले, हातात तो ड्राईव्ह, आणि डोकं खाटेच्या कडेला टेकलेलं. खांदे हलत होते, आवाज नाही. आवाजाशिवाय माणूस रडतो ते मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही म्हातारी जाते.

अम्मीनं हात पुढं केला. चाचपत त्यांचं डोकं सापडलं, मग कान, मग गळ्यावरचं फडकं. तिथं बोटं थांबली.

"मालूम है रे मेरेकू," ती म्हणाली.

सरांनी मान वर केली.

"पहलेच दिन से मालूम है. तू पुने से आया, तबसे एक बार बोला मेरेकू, अम्मी, गिरे तो? चाय गरम है, जली तो? खिड़की खुली है, बिल्ली आई तो?" ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी, पण हसतेय. "सो जाओ अम्मी, दवा ली अम्मी... इत्ता बेफिकर मेरा बच्चा कब था? मैं समझ गई, ये शफीक नहीं है."

"फिर बोले क्यूँ नहीं अम्मी?" भाभी जवळजवळ ओरडल्याच.

"कित्ती मेहनत से बजाता था," अम्मी म्हणाली. "मैं बोली, बजाने दो."

मी तिथून उठले. तो वेळ त्यांचा होता. दारात चप्पल घालताना मागं वळून बघितलं. शफीक सर खाटेला पाठ लावून जमिनीवर बसले होते, एक हात आईनं दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलेला. डोळे मिटलेले. इतकं मोकळं बसलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं, गळ्याचं बटणसुद्धा उघडं.

आणि दुसरा हात डब्याच्या मागं गेला होता, ड्राईव्ह नीट बसलाय का ते हलवून बघायला.